सूर कोणाचा धरायचा?



मंचावर दोन तंबोरे लावून ठेवले आहेत. त्यांचं काम थोडं पुढे आहे. आधी आपल्याला बरंच लांब जायचं आहे : मॉस्कोला, बल्गेरियाची राजधानी सोफियाला आणि मंगोलियाच्या सीमेला लागून असलेल्या तुवा प्रदेशातल्या किझिल शहराला. या तीन शहरांतल्या गायक-वादकांनी १९९०च्या दशकात एकत्र येऊन जे संगीत केलं, त्याबद्दल मी बोलणार आहे. त्यांच्यात गावाकडची गाणी खुल्या छातीच्या आवाजात गाणाऱ्या बायका होत्या, विशी ओलांडेपर्यंत मेंढ्या राखलेला गायक होता, बोल्शॉय थिएटरच्या वाद्यवृंदातून बाहेर पडलेला हॉर्नवादक होता आणि जॅझकडून आलेला पियानोवादक होता.

लोकसंगीत आणि प्रयोगशील संगीत एकत्र आणण्याचे प्रयत्न जगभर होतात, आपल्याकडेही होतात. त्यांतल्या बहुतेकांत पहिल्या तालमीलाच एक निर्णय होऊन जातो आणि तो झाल्याचं कोणाच्या लक्षातही येत नाही. सूर कोणाचा धरायचा? स्टुडिओत कीबोर्ड तयार असतो, त्याची पट्टी ठरलेली असते. मग संबळवाल्याला, तुणतुणेवाल्याला सांगितलं जातं, जरा वर घ्या. तो बिचारा घेतो. इथून पुढे जे घडतं त्याला भेट म्हणायला माझं मन तयार होत नाही. माझं म्हणणं असं आहे की अशा भेटीत शहरातल्या प्रयोगशील कलावंतानेच उठून दुसऱ्याच्या सुरात गेलं पाहिजे. हे मी दयाबुद्धीने म्हणत नाही. त्याला कारण आहे आणि ते ध्वनिशास्त्राचं आहे. मॉस्कोच्या मंडळींना ते सापडलं, म्हणून त्यांची गोष्ट सांगायची.

रशियात शहर आणि खेडं यांची गाठ आधीही पडली होती. एव्हगेनिया लिन्योवा या गायिकेने १८९७पासून फोनोग्राफ घेऊन खेडी पालथी घातली. खेड्यातली माणसं एकत्र गातात तेव्हा सगळे एकच चाल गात नाहीत, प्रत्येक जण आपापली वाट काढतो आणि त्या वाटा एकमेकींना सांभाळत जातात, हे तिच्या ध्वनिमुद्रणांतून आणि स्वरलेखनातून पुढे आलं. कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या संग्राहकाला एका वेळी एकच आवाज टिपता यायचा. १९११ साली मित्रोफान प्यात्नित्स्की यांनी खरेखुरे शेतकरी मॉस्कोत आणून त्यांना मंचावर गायला लावलं. तिथे ते जसे घरी गायचे तसेच गायले. पुढे सोव्हिएत काळात याच प्यात्नित्स्की वृंदाचं रूप पालटलं. संचालक आला, मोठा वाद्यवृंद आला, एकसारखे पोशाख आले, नव्याने रचलेली गाणी आली, आणि ज्याची त्याची वेगळी वाट बंद होऊन सगळे आखलेल्या सुरावटीत गाऊ लागले. सरकारी लोकसंगीत म्हणून पुढे जगभर जे फिरलं ते हे. रशियन लोकगीत म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं तेही बहुधा हेच असतं.

आता दुसरी बाजू. १९७५ साली मॉस्कोत सोफिया गुबायदुलिना, व्हिक्तर सुस्लिन आणि व्याचेस्लाव आर्त्योमोव या तीन संगीतकारांनी 'अस्त्रेया' नावाचा गट केला. गुबायदुलिना ही विसाव्या शतकातली फार मोठी रचनाकार. १९७९ साली सोव्हिएत संगीतकार संघाच्या अधिवेशनात ज्या सात जणांची नावं घेऊन निषेध झाला, त्यांत ती होती आणि सुस्लिन व आर्त्योमोवही होते. हे तिघे काय करायचे? रशियातली, कॉकेशसमधली, मध्य आशियातली लोकवाद्यं जमवायची, आणि ती वाजवण्याचं रीतसर शिक्षण न घेता त्यांच्यावर तत्काळ, न लिहिलेलं संगीत करायचं. हाताला सवय नसलेलं वाद्य घेतलं की जुनी वळणं आपोआप गळून पडतात, अशी त्यामागची धारणा. गुबायदुलिनाच्या पुढच्या रचनांतलं ध्वनींचं जे धाडस आहे, त्याला इथे खतपाणी मिळालं असं मला वाटतं. या प्रयोगाबद्दल मला आदरच आहे. पण त्यात वाद्य खेड्यातून आलं आणि वाजवणारा खेड्यातच राहिला.

वाजवणाऱ्याकडे आणि गाणाऱ्याकडे वळणारा माणूस म्हणजे द्मित्री पोक्रोव्स्की. जन्म १९४४चा. १९७३ साली त्याने मॉस्कोत आपला गट उभा केला आणि शिकलेली शहरी माणसं घेऊन तो खेड्यांकडे गेला. एखाद्या गावात चाल उतरवून घ्यायची आणि शहरात येऊन गायची, एवढ्यावर त्याचं समाधान नव्हतं. गावातली बाई आवाज कुठून काढते, गाताना कशी उभी राहते, पाय कसा टाकते, शेजारणीने सूर बदलला की ही काय करते, हे सगळं अंगात यावं म्हणून त्याची माणसं त्या बायकांच्या मध्ये उभी राहून गायची. त्याला गाण्यामागची व्यवस्था हवी होती. ती हाती आली की त्या गावाच्या रीतीने नवं गाणंही गाता येतं. आपल्याकडे देवासला बसून कुमार गंधर्वांनी माळव्याच्या धुनांचा असाच मागोवा घेतला आणि त्यांतून धुनउगम राग बाहेर काढले. दोघांच्या वाटा वेगळ्या, परंपरा तर फारच वेगळ्या. पण लोकधुनेत ऐकणाऱ्याला सापडेल असा काहीएक विचार असतो, हा विश्वास दोघांचा सारखाच.

पोक्रोव्स्कीच्या गटाने युरी ल्युबिमोव यांच्या तागान्का थिएटरच्या 'बोरिस गोदुनोव'मध्ये गाणी केली. १९८२ साली त्या नाटकावर बंदी आली आणि प्रेक्षकांसमोर ते १९८८मध्ये आलं. पण मला त्याचं सगळ्यांत मोठं काम वाटतं ते स्ट्राविन्स्कीच्या 'ले नॉस'चं. लग्नविधीवरची ही रचना १९२३ साली पॅरिसमध्ये पहिल्यांदा सादर झाली : एकल गायक, वृंद, चार पियानो आणि तालवाद्यं. आधुनिक संगीताचा तो एक मैलाचा दगड मानतात. गाण्यांचे शब्द स्ट्राविन्स्कीने किरेयेव्स्की यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या लोकगीतसंग्रहातून घेतले होते. पोक्रोव्स्कीने उलटा प्रवास केला. ही गाणी आजही कुठे गायली जातात का, हे शोधत तो खेड्यापाड्यांतून हिंडला, आणि लग्नातली तशी गाणी त्याला मिळाली. मग त्याच्या गटाने स्ट्राविन्स्कीची रचना खेड्यातल्या आवाजात गायली आणि १९९४ साली निघालेल्या ध्वनिमुद्रणात तिच्या शेजारी ती मूळ लग्नगीतंही ठेवली. चार पियानोंचं काम संगणकाकडून करून घेतलं. ऑपेराच्या आवाजात ऐकताना जे कर्कश, तोडून तोडून लिहिलेलं वाटायचं, ते या बायकांच्या तोंडी एकदम बोलीसारखं वाहतं. पॅरिसला जे पुढच्या काळाचं वाटलं होतं, त्यातलं किती तरी खेड्यातल्या मांडवात आधीपासून होतं. हे ध्वनिमुद्रण माझ्या मते ज्याने त्याने एकदा तरी ऐकावं. पोक्रोव्स्की १९९६ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी गेला.

आता ज्यांच्यासाठी हा सगळा पट मांडला त्यांच्याकडे येतो. तिघे जण, तिघांचाही जन्म १९५६चा.

सर्गेय स्तारोस्तिन मॉस्कोचा. मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत क्लॅरिनेट शिकला. तिथल्याच लोकसंगीताच्या दौऱ्यांवर गेला, म्हाताऱ्यांची गाणी ध्वनिमुद्रित करू लागला आणि करता करता स्वतः गाऊ लागला. झालेइका हे शिंगाचं तोंड असलेलं पिपाणीच्या जातीचं वाद्य तो वाजवतो, गुस्ली हे तंतुवाद्य वाजवतो, आणि कल्यूका नावाची एक बासरी वाजवतो. कल्यूकाकडे लक्ष द्या, पुढे लागणार आहे. वनस्पतीच्या पोकळ खोडाची ही बासरी असते आणि तिला बोटांची भोकं नसतात. फुंकेचा जोर कमीजास्त करायचा आणि खालचं तोंड बोटाने झाकायचं-उघडायचं, एवढ्यातून सगळे सूर निघतात.

दुसरा अर्कादी शिल्क्लोपर, हाही मॉस्कोचा. फ्रेंच हॉर्न वाजवायचा. १९७८पासून काही वर्षं बोल्शॉयच्या वाद्यवृंदात आणि नंतर मॉस्को फिलहार्मोनिकमध्ये होता. त्याच काळात सर्गेय लेतोव यांच्या 'त्रि-ओ' या मुक्त जॅझ करणाऱ्या त्रिकुटातही सुरुवातीला त्याने वाजवलं. पुढे त्याने आल्पहॉर्न घेतला. आल्प्स पर्वतातला गुराख्यांचा तो लांबलचक, साडेतीन मीटरच्या आसपास भरणारा लाकडी कर्णा. त्यालाही भोकं नसतात, कळ नसते.

तिसरा मिखाइल आल्पेरिन, पियानोवादक आणि रचनाकार. जन्म युक्रेनमधल्या कामेनेत्स-पोदोल्स्कीचा, वाढला मोल्दोव्हात, तिथल्या लग्नाकार्यांतली गाणी ऐकत. मग मॉस्को, आणि १९९३पासून ऑस्लो. तिथल्या संगीत अकादमीत त्याने शिकवलं; २०१८ साली तो गेला. शिल्क्लोपरबरोबरचं त्याचं 'वेव्ह ऑफ सॉरो' १९९० साली निघालं. त्याच वर्षी स्तारोस्तिन येऊन मिळाला आणि 'मॉस्को आर्ट ट्रायो' तयार झालं.

सोव्हिएत संघ मोडत असताना हे घडत होतं. सरकारी वृंदांचे पगार आटत होते, पण सीमा उघडल्या होत्या, आणि जर्मनीतल्या ब्रेमेन शहरातल्या यारो या छोट्या ध्वनिमुद्रण संस्थेला या लोकांत रस होता. इतिहासाने ही अशी फट दिली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं.

आता तुवा. हा प्रदेश १९२१ ते १९४४ नावापुरता स्वतंत्र देश होता. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांना लहानपणी पाहिलेल्या तिथल्या टपाल तिकिटांमुळे त्याचं वेड लागलं. तिथे जायची त्यांची इच्छा अपुरी राहिली आणि १९८८ साली ते गेले. १९८७ साली थिओडोर लेव्हिन हे अमेरिकन अभ्यासक सोव्हिएत संशोधकांबरोबर तिथे पोचले आणि १९९० साली त्या दौऱ्याची ध्वनिमुद्रिका निघाली. एका माणसाच्या गळ्यातून एकाच वेळी दोन सूर निघतात, हे पाश्चात्त्य श्रोत्यांनी तेव्हा कान भरून ऐकलं. त्यातला थोडा भाग आता आपण ऐकू.

(येथे तुवातील कंठगायनाचे ध्वनिमुद्रण ऐकवण्यात आले.)

खाली जो घुमणारा सूर ऐकला तो खर्ज. वर जी शीळ घातल्यासारखी चाल होती, ती त्याच खर्जातून निघाली. आता तंबोरा ऐकू या. खर्जाची एकच तार छेडायची. सूर विरत जाईल तसं त्यात काय उगवतं ते ऐका.

(येथे तंबोऱ्याची खर्जाची तार छेडण्यात आली.)

गंधार ऐकू आला. तो कोणीच छेडला नव्हता. आपण त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. तार आख्खी कंप पावते तशीच ती अर्ध्यात, तिसऱ्या हिश्शात, चौथ्या, पाचव्या हिश्शातही कंप पावते आणि प्रत्येक हिश्शाचा आपला एक उपस्वर असतो. पाचवा उपस्वर म्हणजे हा गंधार. मिरजेचा कारागीर जवारी काढतो ती हे उपस्वर खुलावेत म्हणून. तुवाचा गायक तंबोऱ्याचं हेच काम तोंडाच्या पोकळीत करतो. जीभ आणि ओठ हलवून तो एका वेळी एकच उपस्वर उचलतो आणि बाकीचे दाबून ठेवतो. 'सिगित' या तीक्ष्ण प्रकारात बहुतेक सहावा, आठवा, नववा, दहावा, बारावा उपस्वर घेतात. आपल्या भाषेत पंचम, षड्ज, ऋषभ, गंधार आणि पुन्हा पंचम. कधी तेरावाही घेतात. तो दोन धैवतांच्या मधे कुठेतरी पडतो. भूपाची आठवण यावी अशी ही सुरांची निवड आहे. सातवा आणि अकरावा मात्र ते ओलांडून जातात. 'कारगिरा' हा प्रकार आणखी वेगळा. त्यात स्वरतंतूंच्या वरच्या पडद्या निम्म्या वेगाने कंप पावतात आणि आवाज एकदम सप्तकभर खाली उतरतो.

किझिलचा 'हून-हूर-तू' हा गट १९९२ साली उभा राहिला. त्यातला कायगाल-ओल खोवालिग हा तो मेंढपाळ. एकविसाव्या वर्षी तो तुवाच्या सरकारी कलापथकात गेला. त्याचा सहकारी सायान बापा वाढला अक-दोवुराक या औद्योगिक गावात, शिकला कॉकेशसमध्ये, आणि काही वर्षं जॅझ-रॉक गटात इलेक्ट्रिक बास वाजवून मग आपल्या संगीताकडे परतला. लोककलावंत म्हणजे गावाबाहेर कधी न पडलेला भाबडा माणूस, हा समज आपण सोडायला हवा. हून-हूर-तूची माणसं त्या दशकात अमेरिकेत क्रोनोस क्वार्टेटबरोबर वाजवून आली, फ्रँक झापाच्या घरी जाऊन आली. आपण काय देतो आहोत आणि समोरचा काय मागतो आहे हे त्यांना चांगलं समजत होतं.

सोफियाचा 'अँजेलिटे' हा बायकांचा वृंद तिसरा. बल्गेरियात फिलिप कुतेव यांनी १९५१ साली सरकारी लोककला समूह उभारला, खेड्यांतून गायिका निवडून आणल्या आणि त्यांच्या गाण्यांना अनेक आवाजांच्या मांडणीत बसवलं. म्हणजे १९७५ साली स्वित्झर्लंडच्या मार्सेल सेलिए यांनी 'ल मिस्तेर दे व्वा ब्युल्गार' ही ध्वनिमुद्रिका काढली तेव्हा जगाने जो गूढ, पुरातन आवाज ऐकला, त्याची मांडणी शिकलेल्या रचनाकारांची होती. मग प्यात्नित्स्कीत बिघडलं आणि इथे का बिघडलं नाही? माझ्या मते इथे मांडणी बदलली तरी गळा बदलला नाही. सोफियाच्या आसपासच्या शोप भागात बायका दोन आवाजांत गातात ते सा आणि रे एकदम धरून. आपल्या कानाला हे खटकेल. तंबोऱ्याची जोड लावताना आपण दोन तारांमधली थरथर पूर्ण जाईपर्यंत खुंटी पिळतो. त्या बायकांना ती थरथरच हवी असते. दोन जवळचे सूर एकमेकांना घासून जो नाद उठतो, तो त्यांच्या लेखी गाण्याचा प्राण. सोफियाजवळच्या बिस्त्रित्सा गावातल्या आज्यांच्या अशा गाण्याला युनेस्कोने २००५ साली मानवजातीच्या वारशात स्थान दिलं.

हे सगळे १९९६ साली 'फ्लाय, फ्लाय माय सॅडनेस'मध्ये एकत्र आले : अँजेलिटे, हून-हूर-तू, स्तारोस्तिन आणि आल्पेरिन. १९९८ साली 'माउंटन टेल' निघालं, त्यात शिल्क्लोपरसह पूर्ण त्रिकूट होतं. आणि २०१०मध्ये याच तीन गटांचं 'लेजंड'.

आता कल्यूका आठवा. बिनभोकांची नळी, म्हणजे तिचे सूर खोडाच्या लांबीने ठरलेले उपस्वर. आल्पहॉर्नचंही तेच, त्यात सातवा आणि अकरावाही येतो, आणि तो अकरावा शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम यांच्या मधल्या जागी बसतो. तुवाच्या गळ्यात तीच साखळी. रशियाचं खेडं, आल्प्सचं कुरण, तुवाचं गवताळ रान, आणि आपला मिरजेचा तंबोरा. या माणसांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण निसर्गाने एका खर्जातून जी शिडी वर जाते ती सगळ्यांना एकच दिली आहे. त्यांना एकमेकांच्या सुरात येण्यासाठी कोणाची मध्यस्थी लागत नाही.

या मंडळींत परका कोण? पियानो. पियानोचं सप्तक बारा सारख्या भागांत कापलेलं. दोन लगतच्या पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर मानलं तर त्याचा गंधार स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. सातवा उपस्वर पियानोच्या कोमल निषादापेक्षा ३१ सेंट उतरलेला. अकराव्याला तर पियानोत जागाच नाही. महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना हे नव्याने सांगायला नको. पेटीवरून आपल्याकडे किती वाद झाले! १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली तेव्हा दिलेल्या कारणांत तिच्या ठोकळेबाज सुरांचं कारण होतंच. तरी पेटी आपल्या मैफलीत राहिली ती चांगल्या साथीदारांच्या कानामुळे. गंधार गायकाच्या गळ्यात लागलेला असताना तो पेटीवर दाबून धरायचा नाही, बोट उचलायचं, हे त्यांना ठाऊक असतं.

आल्पेरिनचा पियानो मला अशा चांगल्या साथीदाराच्या जातीचा वाटतो. जॅझमधून आलेला, दोन्ही हातांनी भरून वाजवू शकणारा हा वादक. पण या संगीतात तो कित्येकदा जवळजवळ काहीच वाजवत नाही. एखादा खालचा सूर ठेवतो आणि तो विरेपर्यंत थांबतो. तुटक, कोरडे आघात करतो, म्हणजे सूर रेंगाळून इतरांच्या सुराला घासत नाही. प्रयोगशील संगीताने विसाव्या शतकात शांततेचा, एकट्या ध्वनीचा, सुरापेक्षा पोताचा जो विचार केला, तो त्याला इथे उपयोगी पडतो. तुवाचे गायकही चालीपेक्षा पोताचा विचार अधिक करतात. नदीकाठी बसून पाण्याच्या आवाजाशी आवाज जुळवत ते शिकतात. म्हणून या दोघांचं जमतं. नवतेच्या हव्यासापोटी शहराला जे सुचलं, ते रानात आधीपासून रुजलेलं होतं.

आणि त्या बल्गेरियन बायका? त्या उपस्वरांच्या शिडीवर नसतात, आपल्या सा-रेच्या घर्षणात असतात. खाली कारगिरा आणि वर हा आवाज असला की मधे केवढी तरी मोकळी जागा राहते. ती भरून टाकायचा मोह कोणाही रचनाकाराला व्हावा. मला या संगीतात सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे, की पुष्कळदा ती जागा मोकळी सोडली आहे.

सगळं काही जमलंय असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी वृंद नुसता धुक्यासारखा मागे पसरलेला आहे आणि तिथे त्या बायकांवर अन्याय होतो. त्यांच्या सात आणि अकरा मात्रांच्या लंगड्या, चपळ तालांना फार कमी वाव मिळाला. संथ, गंभीर वाटेल तेच युरोपातल्या श्रोत्याला पवित्र वाटतं आणि रचना तिकडे झुकते. पण अशी तक्रार करता येते, कारण या तिन्ही गटांकडे आपापलं भरपूर आहे. असं समोरासमोर न भेटता काय होतं, याचंही एक उदाहरण सांगायला हवं.

सॉलोमन बेटांतल्या मलाइता इथे, १९७०च्या सुमारास, अफुनाक्वा नावाच्या बाईने अंगाईगीत गायलं. ह्यूगो झेंप या संशोधकाने ते ध्वनिमुद्रित केलं. १९९२ साली 'डीप फॉरेस्ट' या फ्रेंच जोडगोळीने तो आवाज उचलून आपल्या यंत्रतालावर बसवला. 'स्वीट लल्लबाय' जगभर वाजलं, जाहिरातींत गेलं. पुढे यान गारबारेक या नॉर्वेच्या थोर सॅक्सोफोनवादकाने १९९६ साली तीच चाल 'पिग्मी लल्लबाय' या नावाने वाजवली. पिग्मी लोक आफ्रिकेतले आणि ही बाई प्रशांत महासागरातली. स्टीव्हन फेल्ड या अभ्यासकाने हा प्रवास लिहून काढला तेव्हा तो लोकांपुढे आला. गारबारेकच्या हेतूबद्दल मला शंका नाही, त्याचं वादन सुंदरच आहे. पण ज्या गाण्याची गायिका खोलीत नसते, तिथे तिच्या बेटाचं नावही चुकतं. खोवालिग समोर बसलेला असताना हे घडू शकत नाही. सूर जुळला नाही तर तो सांगेल. पुढच्या वर्षी यायचं की नाही, हेही तोच ठरवेल. आणि गाणं 'पारंपरिक' असं छापलं की मानधनाचा हक्क मांडणी करणाऱ्याकडे जातो, हा जगभरचा रिवाज आपल्याकडच्या गोंधळ्यांना, शाहिरांना मी सांगायची गरज नाही.

दुसऱ्या टोकाला साइन्खो नामचिलाक आहे. ती तुवाची, जन्म १९५७चा. बायकांनी हे कंठगायन करू नये, त्याने अपत्य होत नाही, असा तुवात समज होता. तिने मॉस्कोत शिक्षण घेतलं, तुवाच्या सरकारी पथकात गायली, आणि १९८०च्या दशकाच्या शेवटी त्याच 'त्रि-ओ'बरोबर मुक्त जॅझ करू लागली. १९९१ साली तिचं 'लॉस्ट रिव्हर्स' हे नुसत्या आवाजाचं ध्वनिमुद्रण निघालं. त्यात ओरडणं आहे, पक्षी आहेत, श्वासाची घरघर आहे आणि मधेच एखादं अस्सल तुवाचं गाणं. लोककलावंत कोण आणि प्रयोगशील कोण, ही विभागणी तिच्यापाशी मोडून पडते. डॉ. अशोक रानडे यांनी संगीताच्या कोटी मांडताना संगम संगीताला स्वतंत्र जागा दिली, ती अशांसाठी फार उपयोगाची आहे. संगम मंचावर व्हायच्या आधी कोणाच्या तरी अंगात झालेला असावा लागतो. साइन्खोच्या अंगात तो झाला, स्तारोस्तिनच्या झाला. मॉस्को आर्ट ट्रायोमध्ये स्तारोस्तिन नसता तर आल्पेरिन आणि खोवालिग यांच्यात संभाषण सुरू व्हायला किती काळ लागला असता, कोण जाणे. क्लॅरिनेटची शिस्त आणि झालेइकाचा श्वास दोन्ही त्याला येत होते. एकाला दुसऱ्याचा सूर समजावून सांगणारा माणूस तो होता. पुढेही तो सेंट पीटर्सबर्गचे बासवादक व्लादिमिर वोल्कोव आणि रॉक गायक लिओनिद फ्योदोरोव यांच्याबरोबर रशियातली जुनी गाणी नव्याने गात राहिला.

आपल्याकडे असे स्तारोस्तिन हवे आहेत. संगीत विद्यालयात शिकलेला मुलगा किंवा मुलगी गोंधळ्याकडे चार पावसाळे राहिली पाहिजे आणि वाघ्याच्या घरातली मुलगी नव्या संगीताच्या वर्गात बसली पाहिजे. विद्यापीठांनी यासाठी शिष्यवृत्त्या काढाव्यात, त्यांची मुदत एका वर्षाची नसावी, आणि पैसा दोन्ही घरांना मिळावा. गुरूला, म्हणजे गोंधळ्यालाही. स्टुडिओवाल्यांना माझी एक साधी विनंती आहे. पुढच्या वेळी तुणतुणं आलं की कीबोर्डची पट्टी त्याच्याकडे सरकवून पाहा. आजच्या यंत्रांत ती सोय असते.

आता 'माउंटन टेल'मधला एक भाग ऐकू आणि मग प्रश्नोत्तरं घेऊ. गळा कोणाचा आणि हॉर्न कोणाचा हे सहज ओळखता येईल. पियानो कुठे वाजतो त्यापेक्षा तो कुठे थांबतो, तिकडे लक्ष असू द्या.

(येथे ध्वनिमुद्रण ऐकवण्यात आले व त्यानंतर प्रश्नोत्तरे झाली.)